सिलिकॉनचं पाणी: पहिल्यांदाच हात घालणाऱ्यांसाठी

डायोरामा (म्हणजे छोट्या प्रमाणातला देखावा) असो की मॉडेल रेल्वेचा लेआउट, डोंगर जमतात, झाडं जमतात, घरं तर किटमधून आयतीच येतात, पण पाण्यापाशी आलं की गाडी अडते. माझी पहिली नदी आठवली की अजून हसू येतं. खाली मस्त निळाशार रंग दिला, वर पारदर्शक सिलिकॉनची, म्हणजे काचा-सिंकच्या कडा बंद करायला वापरतात त्या सीलंटची, अख्खी ट्यूब पिळली, पट्टीने सपाट केली आणि झोपायला गेलो. सकाळी बघतो तर नदीच्या जागी धुरकट रबराची लादी. वरून वाळलेली, बोटाने दाबली की आत लिबलिबीत, आणि तळाशी तासभर बसून चिकटवलेले खडे गायब, म्हणजे होते तिथेच पण दिसेनात. चार-पाच दिवस वाट बघितली, शेवटी ब्लेड घातलं आणि सगळी नदी चादरीसारखी सोलून काढली.

सोलताना मात्र एक गोष्ट डोक्यात बसली. खालचे खडे पुन्हा दिसायला लागले, त्यांच्यावर व्हार्निशचा एक हात मारलेला होता तो चमकत होता, आणि तेवढ्यावरच ते पाण्याखाली असल्यासारखे वाटत होते! म्हणजे पाणी खालच्या रंगात आणि व्हार्निशमध्ये असतं, सिलिकॉन ही त्याची फक्त कातडी. लाटा, भोवरे, फेस, धार असं जे काही वर हलतं ते सिलिकॉनने करायचं, खोली दाखवायचं काम त्याच्याकडे द्यायचंच नाही. खाली जे काही सांगतोय ते सगळं यावरच उभं आहे.

सिलिकॉन कशासाठी, आणि कुठलं

काचेसारखं शांत तळं करायचं असेल तर सरळ रेझिन (दोन द्रव मिसळून ओतायचं, मग कडक होणारं पारदर्शक प्लास्टिक) घ्या, मी पण घेईन. पण वाहतं पाणी, खळखळ, धबधबा, समुद्र यात रेझिन त्रास देतं, कारण ते स्वतःहून सपाट होतं, तुम्ही काढलेली लाट बसून जाते, कुठे सुईएवढं भोक राहिलं असेल तर रात्रभरात सगळं टेबलावर, आणि काठाला वर चढतं ते वेगळंच. सिलिकॉन जिथे ठेवाल तिथे राहतं, उभ्या कड्यावर पण. दोन बाटल्या मोजून मिसळायची भानगड नाही, वर्षानुवर्षं उजेडात राहून पिवळं पडत नाही, आणि चुकलं तर सोलून काढता येतं. नवख्या माणसासाठी हा शेवटचा मुद्दा सगळ्यात मोठा आहे असं माझं मत.

आता ट्यूबवर 'क्लिअर' किंवा 'ट्रान्सपरंट' लिहिलेलं बघा, पांढरं किंवा 'ट्रान्सलुसंट' नको. आणि ऍक्रेलिक सीलंट नावाची वेगळीच वस्तू त्याच कप्प्यात मिळते, तिच्यावर 'पेंटेबल' असं लिहिलेलं असतं, ती भिंतीच्या फटी भरायची आहे, ती उचलू नका.

सिलिकॉनचे मुख्य दोन प्रकार. एक ऍसिटिक, ज्याला वाळताना व्हिनेगरसारखा झणझणीत वास येतो कारण त्यातून खरंच ऍसिटिक ऍसिड बाहेर पडतं. दुसरं न्यूट्रल, त्याचा वास सौम्य. ऍसिटिक सहज मिळतं, चिकटतं छान, पण पितळ आणि तांब्याला ते खातं, त्यामुळे पुलाचे पितळी कठडे, तांब्याची वायर, रूळ वगैरे जवळ असतील तर न्यूट्रलच वापरा. बाकी ठिकाणी कुठलंही चालेल. खिडकी मात्र दोन्हीला उघडी ठेवायची, न्यूट्रलला वास कमी म्हणून त्यातून काहीच निघत नाही असं समजू नका.

मोठं कार्ट्रिज गनमध्ये घालून वापरतात, त्यात साधारण ३०० मिली माल असतो, छोट्या डायोरामाला तो भरपूर होतो आणि निम्मा वाया जातो. पहिल्यांदा हाताने पिळायची लहान ट्यूब घ्या.

बाकी सामान घरात असतंच: टूथपिक, जुना राठ ब्रश, मऊ ब्रश, मास्किंग टेप, भांडी घासायचा लिक्विड साबण, वाटीभर पाणी, पातळ ग्लोव्ह्ज, जाड प्लास्टिकची पिशवी, ऑइल कलरच्या पांढऱ्या-हिरव्या ट्यूब, थोडं व्हाइट स्पिरिट (ऑइल कलर पातळ करायचं थिनर), पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि टिश्यू. टिश्यू वाटतात त्याच्या तिप्पट घ्या, गंमत नाही करत.

आधी तळ, आणि घाई इथे करायची नाही

तळ प्लास्टरचा असो, फोमचा असो की प्लायचा, आधी बंद करून घ्या, म्हणजे पांढऱ्या गोंदात पाणी घालून दोन हात मारा. प्लास्टर कोरडं दिसलं तरी आत ओल धरून असतं, दोन दिवस तरी जाऊ द्या. थर्माकोल असेल तर जास्तच काळजी, कारण पुढे आपण व्हाइट स्पिरिट वापरणार आहोत आणि ते थर्माकोलला विरघळवतं, एकदा माझ्या काठाला भोक पडून त्यातून टेबल दिसत होतं.

मग वाळू, खडे, बुडालेलं लाकूड वगैरे चिकटवा. वेगवेगळ्या जाडीची वाळू वापरा, सगळी एकसारखी असली की सँडपेपर दिसतो.

आता रंग. निळा रंग बाजूला ठेवून द्या. अगदी ट्यूबचं झाकण लावून कपाटात. खऱ्या पाण्याला निळेपणा येतो तो बहुतेक आभाळाच्या प्रतिबिंबातून, आणि तुमच्या मॉडेलवर प्रतिबिंब पडणार आहे खोलीतल्या दिव्याचं. जवळून बघितलेली नदी मातकट हिरवी असते, ओढा तर नुसता तपकिरी दगडांचा असतो. मी काळा, गडद तपकिरी, ऑलिव्ह हिरवा आणि मातीचा पिवळट रंग एवढ्या चारांवर काम भागवतो. ऍक्रेलिक चालतं. मधे गडद, काठाकडे फिकट, आणि दोन्हींची हद्द ओल्यावरच ओल्या ब्रशने पुसट करून टाकायची. कडक रेघ राहिली की ती सिलिकॉनमधूनसुद्धा ओरडते.

इथे एक बारीक गोष्ट जी बरेच जण चुकतात. गडद पट्टा नेहमी बरोब्बर मधोमध नसतो. नदी वळते तिथे बाहेरच्या बाजूला पाणी जोरात जातं, काठ खातं आणि तिथेच खोल असतं, आतल्या बाजूला वेग कमी म्हणून वाळू साचते आणि पाणी उथळ. तेव्हा वळणावर गडद रंग बाहेरच्या काठाला सरकवायचा, आतल्या काठाला वाळूची फिकट जीभ ठेवायची. एवढं केलं की बघणाऱ्याला का ते कळत नाही, पण नदी खरी वाटते.

रंग वाळला की ग्लॉस व्हार्निशचे दोन-तीन पातळ हात, प्रत्येक हात वाळू द्या. काठावरचा बोटभर भाग पण ओला दाखवायचा म्हणून त्याचा रंग थोडा गडद करून व्हार्निश तिथपर्यंत न्या. आता थांबा आणि बघा. इथेच जर पाणी वाटत नसेल तर सिलिकॉनने ते वाटणार नाहीये, रंग परत करा. मला तीनदा करावा लागला होता.

पाण्यातून वर येणारं जे जे आहे, लव्हाळी, खांब, दगड, अर्धं बुडलेलं चाक, ते आत्ताच बसवा. काठाचं गवत पण आधीच. उलट गवताची पूड ओल्या सिलिकॉनवर उडाली तर ती तिथेच वाळते, आणि वाळलेल्या सिलिकॉनवर कुठलाही रंग धरत नाही, ही दुसरी गोष्ट कायम लक्षात ठेवायची. ऍक्रेलिक लावा, स्प्रे मारा, वाळल्यावर नखाने पापुद्रा निघतो. सिलिकॉनला फक्त सिलिकॉन चिकटतं. म्हणून रंगकाम सगळं आधी आणि सिलिकॉन जवळजवळ शेवटी.

किती उंच लाट? स्केल काढून बघा

मॉडेल बघून पाणी खोटं वाटतं त्याचं अर्धं कारण हेच असतं. १:८७ मध्ये, म्हणजे मॉडेल खऱ्याच्या ८७ पट लहान असेल तेव्हा, १ मिमी म्हणजे खरे साडेआठ-नऊ सेंटीमीटर. तुम्ही बोटाने सहज ५ मिमीची लाट उचलली तर ती गुडघ्याएवढी झाली, आणि ती एखाद्या संथ नदीत कुठून येणार? १:३५ मध्ये तीच ५ मिमी साडेसतरा सेंटीमीटर होते, तिथे चालून जाते. १:१६० मध्ये १ मिमीच सोळा सेंटीमीटर, म्हणजे तिथे सिलिकॉनला नुसतं ब्रशने थोपटलं तरी पुरे. १:७०० च्या जहाजांना १ मिमी म्हणजे ७० सेंटीमीटर, तिथे समुद्र जवळजवळ पोतासारखा दिसला पाहिजे. कामाला बसायच्या आधी कागदावर हे गणित लिहून समोर ठेवा, कारण एकदा हात सिलिकॉनमध्ये गेला की माणूस वाहवत जातो.

आता लावायचं

आधी मॉडेलच्या बाहेर एक नमुन्याचा तुकडा करा. पुठ्ठ्यावर तोच रंग, तेच व्हार्निश, आणि त्यावर सिलिकॉन. कोणी करत नाही हे मला माहितीये, मी पण करायचो नाही, पण करा.

काठाला मास्किंग टेप. नोझल अगदी टोकाला तिरकं कापा, भोक आगपेटीच्या काडीपेक्षा मोठं नको. मग प्रवाहाच्या दिशेने बारीक बारीक धारा सोडायच्या, एकमेकींच्या शेजारी, आणि एका वेळी तळहाताएवढाच भाग घ्यायचा. कारण सिलिकॉन हवेतल्या बाष्पाने वाळतं, वर साय धरायला पाच ते वीस मिनिटं लागतात, तुमच्या हवेत ओल किती यावर ते कमीजास्त, आणि साय धरली की तिला हात लावायचा नाही. साय धरलेल्यावर ब्रश फिरवला की सुरकुत्या आणि तंतू निघतात, मग ते झाकायला आणखी सिलिकॉन, मग आणखी सुरकुत्या. मी सांगतो, अर्धी वाईट पाण्यं ही आणखी एकदा ब्रश फिरवल्याने झालेली असतात. त्यामुळे मोबाईलवर दहा मिनिटं लावा, वाजलं की हात वर.

जाडी दोन मिलीमीटरपर्यंत ठेवा, लाटेच्या माथ्यावर तीन. सिलिकॉन घट्ट राहावं म्हणून त्यात सिलिकाची अतिबारीक पूड असते, तिच्यामुळे ते पूर्ण पारदर्शक नसतं, १ मिमीला कळत नाही पण ५-६ मिमीला धुकं पडतं. शिवाय वाळणं वरून खाली सरकतं, साधारण २४ तासांत दोन-तीन मिलीमीटर, आणि जसजसं खाली जावं तसतसं हळू, कारण बाष्पाला वरच्या वाळलेल्या थरातून वाट काढावी लागते. माझी पहिली नदी लिबलिबीत का राहिली ते आता कळलं असेल. जाडी हवीच असेल तर आज एक थर, उद्या दुसरा. आणि लवकर वाळावं म्हणून डब्यात झाकून ठेवू नका, हवा लागली पाहिजे.

धारा टाकल्या की ग्लोव्ह घातलेलं बोट किंवा मऊ ब्रश साबणाच्या पाण्यात बुडवा, झटका, आणि हलकेच पसरवा. साबणामुळे सिलिकॉन बोटाला धरत नाही. पण साबण अगदी थोडा, वाटीभर पाण्यात दोन-तीन थेंब, आणि जिथे नंतर दुसरा थर चढवायचाय तिथे साबणाचं पाणी नकोच, तो थर धरणार नाही, तिथे कोरडाच ब्रश वापरा.

लहर काढायची ती अशी: ओल्या ब्रशचं टोक सिलिकॉनवर टेकवायचं, अर्धा सेकंद थांबायचं आणि सरळ वर उचलायचं. सिलिकॉन ब्रशबरोबर थोडं वर येतं, एक बारीक शेंडी उभी राहते, मग ती शेंडी स्वतःच्या वजनाने किंचित वाकते आणि बसते. ती वाकते तेव्हा तिला वाकू द्या, तिच्या मागे लागू नका. त्या वाकण्यातच पाणी आहे. पुढची शेंडी शेजारी, पण त्याच अंतरावर नको. ओळीने एकसारख्या शेंड्या आल्या की ते पाणी वाटत नाही, नांगरलेलं शेत वाटतं. वाऱ्याच्या लहरी तळ्यावर सगळीकडे सारख्या नसतात, कुठे पट्टा थरथरतोय, कुठे एकदम गुळगुळीत, तसे गुळगुळीत तुकडे मुद्दाम सोडा. झेंडा आणि धूर एका दिशेला आणि लहरी दुसऱ्या दिशेला असं करू नका, लोक बघतात.

झालं की टेप लगेच काढा, साय धरायच्या आधी.

दगडाशी पाणी कसं वागतं

वाहत्या पाण्यात दगड असला की वरच्या अंगाला पाणी त्याला आपटून थोडं फुगतं, गुळगुळीत उशीसारखं. दोन्ही बाजूंनी ते सरकतं आणि खालच्या अंगाला खळगा पडतो, तिथे पाणी गोल फिरतं, फेस तिथे. बरेच जण दगडाच्या सगळ्या बाजूंनी पांढरा गोल काढतात, मग दगडाने हार घातल्यासारखा दिसतो. वरच्या अंगाला टूथपिकने सिलिकॉनचा एक बारीक ढीग चढवा, तो ओल्या बोटाने गुळगुळीत करा, आणि खालच्या अंगाला दोन धारा मागे ओढून त्यांची शेपटी निमुळती करत न्या. दोन दगडांच्या मधून पाणी जातं तिथे गुळगुळीत जिभेसारखा पट्टा तयार होतो, त्याचं निमुळतं टोक प्रवाहाच्या खालच्या दिशेला असतं, आणि टोकाच्या पुढे खळबळ. हे एकदा ओढ्याकाठी बसून किंवा फोटोत नीट बघा, मग हात आपोआप जातो.

पांढरं पाणी

फेस पांढरा दिसतो कारण त्यात हवेचे असंख्य बुडबुडे असतात आणि उजेड सगळीकडे विखुरतो. म्हणजे पांढरा फक्त जिथे पाणी फुटतं तिथेच. पांढऱ्याच्या बाबतीत कंजूस व्हा.

आता पांढरा रंग वर धरणार नाही हे आधीच सांगितलं, मग करायचं काय तर सिलिकॉनचाच रंग बनवायचा. प्लास्टिकच्या झाकणात वाटाण्याएवढं सिलिकॉन घ्या, टूथपिकच्या टोकावर येईल इतका पांढरा ऑइल कलर त्यात घोळवा, मग व्हाइट स्पिरिटचे थेंब एकेक करत घाला आणि मऊ होईपर्यंत ढवळा. ऑइल कलर जास्त झाला तर मिश्रण नीट वाळत नाही, चिकट राहतं. ऍक्रेलिक घालू नका, त्यात पाणी असतं आणि सिलिकॉन पाण्याने वाळतं, तुम्ही ढवळत असतानाच गुठळ्या व्हायला लागतात. जवळ ज्योत, सिगारेट, हीटर काही नको, व्हाइट स्पिरिट पेट घेतं.

हे मिश्रण राठ ब्रशवर घ्या, जवळजवळ सगळं टिश्यूवर पुसून टाका, आणि उरलंय तेवढं वाळलेल्या लाटांच्या माथ्यावरून नुसतं घासत न्या. खाली सिलिकॉन आहे, वर सिलिकॉन आहे, त्यामुळे हे निघत नाही. मात्र त्याआधी वाळलेला थर अल्कोहोलच्या बोळ्याने पुसून घ्या, साबणाचा अंश राहिला असेल तर सगळं फुकट. दाट फेस हवा असेल तिथे स्पिरिट न घालता घट्ट पांढरं सिलिकॉन राठ ब्रशने टोचून टोचून लावायचं, आडवं न फिरवता. तो खरखरीत पोत येतो तोच फेस.

याच पद्धतीने पांढऱ्याऐवजी हिरवा किंवा मातकट रंग अगदी कणभर घालून छटा पण देता येते, पण पूर्ण नदीला नको, लाटेच्या पोटात वगैरे ठीक.

धबधबा, म्हणजे खरी मजा

धबधबा जागेवर करायचा नाही, वेगळा पडदा करून मग लावायचा. एका पाटीवर जाड प्लास्टिकची पिशवी ताणून टेपने चिकटवा, सुरकुती नको. पॉलिथिनला सिलिकॉन धरत नाही म्हणून हे चालतं. पिशवीखाली कागद ठेवून त्यावर धबधब्याची उंची आणि रुंदी पेन्सिलीने काढा, उंचीत वर दोन-तीन सेंटीमीटर जास्त धरा, तेवढं कड्यावरून मागे वळवून चिकटवायला लागतं.

वरून खाली उभ्या धारा सोडा, अगदी शेजारी शेजारी. मग टूथपिक वरून खाली ओढत न्या, पुन्हा पुन्हा, केस विंचरल्यासारखं, जुना कंगवा पण चालतो. धारा एकमेकींत मिसळून पातळ पडदा होतो आणि त्यात उभ्या रेघा राहतात. मधे एक-दोन ठिकाणी फट राहिली तर राहू द्या, पाणी तिथे दगडावरून फाटतं असं दिसतं. कडा सरळ कापल्यासारख्या नकोत, खालच्या बाजूला तर चार धारा लांब, दोन आखूड.

आता पांढऱ्याचा हिशोब. कड्याच्या तोंडाशी पाणी पातळ आणि काचेसारखं असतं, तिथे काहीही पांढरं नको. खाली येतं तसं ते फुटतं आणि हवा मिसळते. तेव्हा वरचा एक तृतीयांश तसाच सोडून पुढे पांढऱ्या सिलिकॉनच्या केसाएवढ्या रेघा ओल्या पडद्यातच टूथपिकने ओढा, तळाकडे जास्त करत न्या. मी सुरुवातीला वरपासून खालपर्यंत सारखा पांढरा केला होता, तो धबधबा कमी आणि वाळत टाकलेलं धोतर जास्त दिसत होता.

उंच धबधब्याला पडदा स्वतःच्या वजनाने ताणला जाऊ नये म्हणून उशीत भरतात तो पॉलिस्टरचा तंतू अगदी विरळ पिंजून पहिल्या थरावर उभा ठेवा आणि वरून दुसरा पातळ थर द्या. तंतू दिसायला लागले तर जास्त झाले.

२४ तास, जाड असेल तर ४८. मग एका कोपऱ्यापासून हळूच सोला. हा क्षण मला अजून आवडतो, पडदा पिशवीवरून सुटताना बारीक आवाज करतो आणि हातात लवचिक, चमकता, खराखुरा पाण्याचा तुकडा येतो. पिशवीकडची बाजू जास्त गुळगुळीत असते, रेघांची बाजू बघणाऱ्याकडे ठेवा.

कड्यावर सिलिकॉनची एक ओळ टाकून वरचा जास्तीचा भाग त्यावर दाबा, सांधा आणखी सिलिकॉनने वरच्या नदीत मिसळून टाका म्हणजे जोड दिसणार नाही. पडदा कड्याला सपाट चिकटवू नका, पाणी वेगाने येत असेल तर ते पुढे झेपावून पडतं, मागे हवेची जागा राहिली पाहिजे. वाळेपर्यंत मागे पिशवीत गुंडाळलेली पेन्सिल अडकवून ठेवली की बाक टिकतो. खाली जिथे आपटतं तिथे टोचून केलेला फेस, आणि तिथून बाहेर पसरणाऱ्या लहरी लांब जाता जाता बसत जातात. तुषार दाखवायला काही जण कापूस लावतात, माझ्या डोळ्याला तो कायम कापूसच दिसतो, तुमचं तुम्ही ठरवा.

समुद्र आणि होड्या, थोडक्यात

फुटणारी लाट पण पिशवीवरच करायची. आडवी पट्टी, एक कड पातळ आणि फाटकी, दुसरी जाड. अर्धा दिवस वाळली की ती पिशवीसकट एखाद्या नळीवर वाकवून ठेवा, पूर्ण वाळल्यावर पिशवी सोला, जाड कड समुद्रावर चिकटवा आणि मागचा उतार सिलिकॉनने भरा. लाटेच्या माथ्याजवळ उजेड आरपार जातो म्हणून तिथे फिकट हिरवी छटा चांगली दिसते.

होडी चालती असेल तर तिच्या मागे लाटांचा त्रिकोण होतो. खोल पाण्यात त्याच्या दोन भुजांमधला कोन साधारण ३९ अंश असतो, होडी हळू जावो की बऱ्यापैकी जोरात, पुढे लॉर्ड केल्व्हिन म्हणून ओळखले गेलेले भौतिकशास्त्रज्ञ विल्यम थॉमसन यांनी हे १८८७ मध्ये गणिताने मांडलं होतं. कंपासपेटीतला कोनमापक काढून पेन्सिलीने दोन रेघा मारा आणि त्यावर सिलिकॉनच्या तुटक तुटक लाटा लावा, अखंड रेघ नको. होडी नंतर काढता यायला हवी असेल तर तिचा तळ पातळ प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून ओल्या सिलिकॉनमध्ये दाबा, वाळल्यावर उचला, साचा तयार.

बिघडलं तर, आणि नंतरची निगा

ओलं सिलिकॉन चुकीच्या जागी लागलं तर पुसू नका, पसरेल. वाळू द्या आणि चिमट्याने उचला, गुळगुळीत जागेवरून बहुतेक सबंध निघतं. गवतात गेलं असेल तर गवतासकट जाणार, त्याला इलाज नाही. वाळलेल्या पाण्याचा एखादा तुकडा पसंत नसेल तर ब्लेडने चौकोन न कापता लाटेच्या कडेने वेडावाकडा कापा, सोला, खालचं व्हार्निश ठीक करा आणि नवीन भरा, जोड लाटेत लपतो.

चमक गेली असेल तर तो बहुतेक वेळा वर वाळलेल्या साबणाचा थर असतो, ओल्या मऊ ब्रशने धुतलं की परत येते. तरीही मंद वाटलं तर स्पिरिट घातलेल्या पातळ सिलिकॉनचा एक हात. ग्लॉस व्हार्निश मारू नका, महिन्याभरात सोलपटं निघतील.

धूळ मात्र बसते, सिलिकॉन धूळ खेचूनच घेतं. कोरड्या कपड्याने घासलं की आणखी चिकटते, म्हणून ओला मऊ ब्रश, वरून खाली, आणि शक्य असेल तर मॉडेलवर काचेची पेटी, पण सगळं पूर्ण वाळून वास जाईपर्यंत पेटी घालायची नाही. ऍसिटिकच्या वाफा आत कोंडल्या तर पितळेचं सामान काळवंडतं.

ग्लोव्ह्ज, टिश्यू, झाकणं कचऱ्यात, सिंकमध्ये काही धुवायचं नाही. ब्रशवरचं ओलं सिलिकॉन टिश्यूने पुसा आणि मग व्हाइट स्पिरिटमध्ये बुडवा, वाळलं तर तो ब्रश गेलाच. आणि उरलेल्या ट्यूबच्या नोझलमध्ये एक लांब स्क्रू घट्ट फिरवून ठेवा, पुढच्या वेळी स्क्रू ओढला की वाळलेला खुंटा त्याच्याबरोबर बाहेर येतो आणि मागचं सिलिकॉन ताजं निघतं.